सिलंगचं रोप पुण्यात घ्यावं का? माझ्या तीन रोपांचा अनुभव

सिलंग म्हणजे ऑस्मॅन्थस, बारीक सुवासिक फुलांचं हिमालयाकडचं झाड. आधी उत्तर देते. घ्यावं. पण कुंडीत लावायचं, सकाळचं ऊन येतं त्या बाजूला ठेवायचं आणि झाडाला फूल असताना स्वतः वास घेऊनच विकत आणायचं. यातली शेवटची गोष्ट मी पहिल्या दोन खरेद्यांत केली नाही आणि अडीच वर्षं गमावली.

ह्यांची नोकरी आर्मी मेडिकल कोअरमध्ये. 1994 मध्ये हिमालयातल्या राणीखेतला बदली झाली तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही बाजाराच्या वरच्या अंगाला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली आमा म्हणायची, आमा म्हणजे आजी. त्यांच्या अंगणात गोठ्याच्या भिंतीलगत एक झाड होतं. काळपट हिरवं, काही विशेष न वाटणारं. दिवाळीच्या जरा आधी एका संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले आणि मला वाटलं, खाली कुणीतरी जर्दाळू शिजवतंय. खाली कुणीच काही शिजवत नव्हतं. आमा म्हणाल्या, "सिलंग है, बेटी." फुलं इतकी बारीक, की त्यांनी फांदी वाकवून दाखवली तेव्हा कुठे दिसली. आमा वाळलेली फुलं पातळ कापडात बांधून लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायच्या, कसर लागू नये म्हणून. तशी एक पुरचुंडी त्यांनी मलाही दिली होती. माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत ती पुढे कितीतरी वर्षं होती.

पुण्यात धनकवडीला घर झाल्यावर तो वास मला हवाच होता. पण इथे नर्सरीत जाऊन 'सिलंग' म्हटलं की समोरचा माणूस तोंडाकडे बघतो. तिथे मागायचं ते ऑस्मॅन्थस, स्वीट ऑलिव्ह किंवा टी ऑलिव्ह. ऑलिव्ह म्हणजे जैतून, आणि जैतुनाच्याच कुळातलं हे झाड आहे, म्हणून ते नाव. त्याला लोणच्याची फळं येत नाहीत, त्यासाठी घेऊ नका. आपले मोगरा, जाई, जुई आणि पारिजातकसुद्धा त्याच कुळातले. चीनमध्ये याची फुलं चहाला वास लावायला वापरतात, म्हणून टी ऑलिव्ह. चहाच्या झाडाशी याचं काही नातं नाही. हिमालयापासून चीनच्या दक्षिण भागातून जपानपर्यंत हे मूळचं. चीनमधल्या ग्वेलिन शहराचं नावच या झाडांवरून पडलंय.

पहिलं रोप जुलै 2018 मध्ये घेतलं. सिंहगड रोडकडची एक मोठी नर्सरी, नाव लिहीत नाही. कुंडीला पाटी होती 'ऑस्मॅन्थस', किंमत 350. पानं चकचकीत, झाड तजेलदार. मी विचारलं, "दादा, हेच ना ते वासाचं?" ते म्हणाले, "काकू, डोळे मिटून न्या." मी खरंच तसंच आणलं. दोन महिन्यांत फुलं आली. पिवळीधमक, गोल, ज्वारीच्या कणीएवढी. वास होता, चांगलाही होता, पण त्यात लिंबाची झाक. राणीखेतचा वास तो नव्हेच. ह्यांचं म्हणणं, पंचवीस वर्षांपूर्वीचा वास कुणाला आठवतो? मला आठवत होता.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे मी एक डहाळी ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन गेले. एका स्टॉलवरच्या वयस्कर गृहस्थांनी ती हातात घेतली आणि फुलाकडे न बघता आधी पान उलटं केलं. म्हणाले, "ताई, हे अग्लाया. कडुनिंबाच्या कुळातलं. याच्या एका देठावर तीन-पाच पर्णिका असतात, आणि पानं फांदीवर एकाआड एक येतात. ऑस्मॅन्थसचं पान एकटं असतं आणि समोरासमोर जोडीने येतं." ही एवढी एक ओळ मला आधी माहीत असती तर! अग्लायाची फुलंही चीनमध्ये चहाला वासासाठी वापरतात, त्यामुळे हा घोळ होत असावा असं मला वाटतं. नर्सरीत परत गेले तर उत्तर मिळालं, "एकच आहे हो ते." बदलून दिलं नाही, पैसेही नाहीत. झाडाचा त्यात दोष नाही, ते आजही जिन्यापाशी आनंदात आहे. पण पाटी लावून विकताना पाटीवरचंच झाड द्यायला हवं. झाड वाढवणारा माणूस त्याच्यासाठी वर्षं देतो, पैसे तर त्या मानाने किरकोळ.

दुसरं रोप डिसेंबर 2019 मध्ये ऑनलाइन मागवलं, डोंगराळ भागातल्या एका नर्सरीकडून. 900 रुपये आणि वर कुरिअर. फोटोत तीन फुटांचं झाड होतं, आलं ते दीड फुटांचं, नऊ दिवस खोक्यात राहिलेलं. मुळांना ओलं शेवाळ नीट बांधलेलं होतं, ते काम मात्र त्यांनी मन लावून केलं होतं. जातही खरी होती, पानांची जोडी मी लगेच बघितली. हे रोप मेलं आणि त्यातला मोठा वाटा माझा. मी ते सरळ अंगणात जमिनीत लावलं, पश्चिमेच्या कंपाउंडला लागून. आमच्याकडची जमीन काळी, फूटभर खाली मुरूम, आणि मातीत चुनखडीचे पांढरे खडे. त्यात बोअरचं पाणी. फेब्रुवारीपर्यंत नवी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चुन्यामुळे मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही, त्याची ही खूण. मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी वाढवलं. एप्रिलच्या दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपल्या. मे महिन्यात खोड नखाने खरवडून बघितलं, आत हिरवं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी घाई केली नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये मांजरीकडे गुलाबाची रोपं करणाऱ्या एका छोट्या रोपवाटिकेत मुलीबरोबर गेले होते. काम तिचं होतं. शेडनेटच्या टोकाला पाण्याच्या टाकीशी आलो आणि मी थांबले. मुलगी म्हणाली, "आई, काय झालं?" तोच वास. टाकीमागे काळ्या पिशव्यांत सहा रोपं होती, वीसेक इंचांची, आणि त्यातल्या तिघांना फुलं होती. रोपवाल्या मामांनी सांगितलं की गुटी बांधून (म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून) केलेली आहेत आणि मागणी नसल्याने पडून आहेत. 650 रुपयांना एक घेतलं. घासाघीस केली नाही. आज तशाच रोपाला हजाराच्या आसपास सांगतात.

आता ते कसं निवडलं, ते नीट लिहिते, कारण निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

पान आधी बघा. जोडीने समोरासमोर, जाड, चामड्यासारखं, बोटभर लांब, कडेला बारीक दाते असलेलं किंवा नसलेलं. एकाच झाडावर दोन्ही प्रकार दिसू शकतात, त्याने गोंधळू नका. काटेरी कडेची पानं असलेली याची एक जपानी बहीण आहे, तिला वाढायला थंडी जास्त हवी असते, ती आपल्याकडे नको. मग फूल. पानाच्या बेचक्यात, फांदीला चिकटून, पाच-सात फुलांचा झुबका. रंग सायीसारखा. प्रत्येक फुलाला चार जाडसर पाकळ्या, आणि अख्खं फूल तांदळाच्या चार दाण्यांची चौकट मांडावी एवढंच. फांदीच्या टोकाला मोठा गुच्छ दिसला तर ते दुसरंच काहीतरी आहे. मग पिशवी उचला. लाल मातीचा गोळा विटेसारखा कडक लागला तर ते रोप बाजूला ठेवा, पाणी त्या गोळ्याच्या आत शिरतच नाही. तळाच्या भोकातून एखाद-दोन पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम, जाड मुळांचं वेटोळं असेल तर नको. उंचीच्या मागे लागू नका. दोन फुटांचं, खालपासून फांद्या असलेलं रोप हे चार फुटांच्या एकदांडी रोपापेक्षा कितीतरी चांगलं. गुटीचं किंवा कलमाचंच घ्या. बियांपासून केलेल्या रोपाला फुलं यायला फार वर्षं जातात.

आणि वास. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्यायला जा, संध्याकाळी. माझ्या झाडाचा वास मी असा सांगेन: आंब्याची अढी उघडल्यावर हापूसच्या देठापाशी जो वास येतो त्यात पिकलेला जर्दाळू मिसळायचा आणि तळाशी थोडी चहाची पत्ती. पीचचा वास ज्या घटकामुळे येतो त्याच्याशी याचं खरोखरच नातं आहे, आणि व्हायोलेट फुलांमधलं आयोनोनही यात असतं. गंमत म्हणजे नाक फुलाला लावलं तर फार काही कळत नाही. चार पावलं मागे सरकलं, वाऱ्याची झुळूक आली, की मग येतो. रातराणीने डोकं धरतं, तसं याने होत नाही.

केशरी फुलांचा प्रकार फोटोत फार देखणा दिसतो, जपानमध्ये शरद ऋतूत रस्तेच्या रस्ते त्याने दरवळतात. पण तो वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर फुलतो आणि आठवडाभरात झडतो. पुण्यात सायीच्या रंगाचा, थांबून थांबून फुलणारा प्रकारच घ्यावा असं माझं मत आहे. माझ्या झाडाचा क्रम सांगते. ऑक्टोबरची उष्णता सरली, रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटलं, की साधारण आठ-दहा दिवसांत बेचक्यात मोहरीएवढ्या कळ्या दिसतात. पहिला बहर दिवाळीच्या आगेमागे. मग दर तीन-चार आठवड्यांनी एक, फेब्रुवारी संपेपर्यंत. एकदा पावसाळ्यातही चार झुबके आले होते. 2022 च्या डिसेंबरात सगळ्यात मोठा बहर आला, तेव्हा शेजारच्या वहिनी कंपाउंडवरून विचारत होत्या, काय शिजवताय म्हणून. मी आमांसारखी फांदी वाकवून दाखवली.

लावलं ते 14 इंची मातीच्या कुंडीत, दोन वर्षांनी जूनमध्ये 18 इंचीत बदललं. अंगणातली काळी माती अजिबात घेतली नाही. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मूठ-दोन मूठ विटेचा चुरा. कुंडी दोन विटांवर ठेवली आहे, पावसाळ्यात तळाशी पाणी साचलं तर या झाडाची मुळं कुजतात. जागा पूर्वेच्या भिंतीशी, दुपारी बारानंतर सावली. मार्च ते मे वर हिरवी जाळी बांधते आणि मातीवर वाळलेल्या पानांचा थर देते. पाणी उन्हाळ्यात रोज सकाळी, थंडीत दिवसाआड, पावसात नाही.

पाण्याबद्दल एक वाक्य पुरणार नाही. ज्या बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, कुंडीच्या काठावर पांढरं कडं धरतं, ते पाणी या झाडाला सवयीने घालू नका. मी पत्र्यावरचं पावसाचं पाणी 200 लिटरच्या पिंपात धरते, ते संपलं की महापालिकेच्या नळाचं. तरीही तिसऱ्या वर्षी नवी पानं फिकट झाली. तेव्हा शेतीच्या दुकानातून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह आणलं. ते घेताना ईडीडीएचए प्रकारचं मागा, चुन्याच्या मातीत तेच टिकतं, साधं ईडीटीए लवकर निकामी होतं. पाण्यात टाकलं की पाणी लालसर होतं. मी पाकिटावरच्या मापाच्या निम्मं दिलं, महिन्याच्या अंतराने दोनदा. आलेली फिकट पानं पुरती सुधारली नाहीत, पण पुढची हिरवी आली.

किडीचा त्रास फारसा नाही. एकदा पानाच्या मागे तपकिरी खवले धरले होते, पाठोपाठ मुंग्या आल्या. जुन्या टूथब्रशने खरवडून निंबोळी तेल फवारलं, दोन आठवड्यांत गेलं. छाटणी फेब्रुवारीतला शेवटचा बहर झाल्यावरच, आणि तीही शेंडे खुडण्याइतकी. पावसाळ्यानंतर कात्री लावाल तर येणारी फुलंच कापाल.

आता तक्रारी. हे झाड हळू वाढतं, आणि हळू म्हणजे खरोखर हळू. चार वर्षांत वीस इंचांवरून साडेचार फूट झालं. कुंपण करायचं असेल, नाहीतर पुढच्या वर्षीच अंगण भरून हवं असेल, तर मधुकामिनी लावा. ती पाऊस पडला की आठ दिवसांत पांढरीशुभ्र होते, किंमत पाव, हयगय सोसते. पण तिचा बहर दोन दिवसांत खाली सांडतो. सिलंग आठवडाभर धरून ठेवतो. शिवाय दिसायला सिलंगमध्ये काही नाही. पाहुण्यांना दाखवायला बाग करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. पश्चिमेला उघड्या गच्चीवर, दिवसभर ऊन असलेल्या फ्लॅटच्या बाल्कनीतही मी कुणाला सुचवणार नाही. सकाळचं ऊन येणारी पूर्वेची बाल्कनी असेल तर बिनधास्त.

चहाही करून बघितला. फवारणी केलेली नसेल तरच फुलं खायला घ्यायची, हे आधी. झाडाखाली धुतलेलं मलमल अंथरून संध्याकाळी फांदी हलक्या हाताने हलवली, मूठभर फुलं पडली. देठ वेचून काढले. स्टीलच्या डब्यात पत्तीचा एक थर, फुलांचा एक, असं रात्रभर ठेवलं आणि सकाळी चाळून पत्ती सावलीत वाळवली. बिनदुधाच्या चहात वास स्पष्ट येतो, कपाच्या तळाशी जास्त. आपल्या आलं घातलेल्या दुधाच्या चहात तो कुठल्या कुठे जातो, तिथे फुलं वाया घालवू नका. मधात घातलेली फुलं मला त्याहून आवडली. महिन्याभराने पोळीला लावलेल्या मधात जर्दाळू लागतो.

गुण द्यायचे तर पहिल्या नर्सरीला पाचपैकी एक, तोही झाड सुदृढ होतं म्हणून. ऑनलाइनवाल्यांना तीन: जात खरी, बांधणी उत्तम, फोटो खोटा. मांजरीच्या मामांना पाचपैकी पाच, कारण त्यांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, जमिनीत लावू नका आणि पहिल्या वर्षी खताचा मारा करू नका." विकून झाल्यावर असं सांगणारे मला कमी भेटलेत.

मामांकडे गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेले तर त्यांच्याकडे एकही रोप शिल्लक नव्हतं. म्हणून मी घरीच प्रयत्न केला. आठ फाटे कुंडीत खोचले होते, एकही जगला नाही. मग जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड चार फांद्यांची इंचभर साल गोल काढून, ओलं शेवाळ लावून, प्लॅस्टिकने घट्ट गुटी बांधल्या. साडेतीन महिने काही हालचाल नाही. नोव्हेंबरात दोन गुट्यांमधून पांढरी मुळं प्लॅस्टिकला आतून टेकलेली दिसली, तेव्हा खाली कापून सावलीत लावल्या. एक मुलीकडे बाणेरला जाईल, तिची बाल्कनी पूर्वेची आहे. दुसरीला परवा, अवघ्या नऊ पानांवर, बेचक्यात तीन फुलं आली. ती मी खुडली नाहीत. पुढच्या बहराची वाळवून मलमलमध्ये बांधणार आहे, शालूच्या ट्रंकेसाठी.